सरवा

दीनामावशीनं शिवलेली ही पर्स
जालन्याच्या मिशन कंपाउंडात
हंगामाच्या सणाला लिलावात निघाली,
दोन कोहळे, एक तलंग
आणि खरातांच्या पपईनंतर.

पपई गेली तीनशेला.
पर्स उंच धरून पाळकसाहेब म्हणाले,
यावर रूथ आहे, सरवा वेचणारी,
पण मावशी, शास्त्रात जव आहेत,
तुम्ही तर ज्वारीचं कणीस काढलंय.
मंडळी हसली.
मावशी बाकावरूनच बोलली,
"जव म्या कुठं बगितले, साहेब?
मह्या डोळ्यांपुढं बेथलेहेम म्हणजे
अंबडच्या पलीकडचं रान.
तिथं मालदांडीच येती."

सरवा हा शब्द तिला शास्त्रात भेटायच्या आधी
पायांना भेटला होता.
सुगी सरली की धसकटांतून अनवाणी,
ओटीत मावतील तेवढी कणसं;
मालकानं हटकलं तर उभ्या उभ्या
ओटी झाडून दाखवायची.
पुढं मिशनच्या शाळेत बाईंनी
रूथचा दुसरा अध्याय वाचला
आणि ही मध्येच उठून म्हणाली,
"बाई, हे तर आमचंच लिवलंय."

पर्ससाठी तिनं कापड विकत घेतलं नाही.
रज्जाक मास्तर शटर अर्धं ओढायचे
तेव्हा ती जायची,
मशीनखालच्या चिंध्या वेचायला.
रोलिंग मिलच्या कामगारांचा निळा,
शाळेच्या गणवेशाची खाकी,
कुण्या नवरदेवाच्या शेरवानीतून उरलेला
वीतभर औरंगाबादी हिमरू.
निळ्याचं आभाळ झालं, खाकीचं रान,
हिमरूचा रूथला पदर.
चेहरा काही तिला जमेना.
तीनदा उसवला.
मग तिनं रूथला वाकवलं.
आता नुसती पाठ दिसते
आणि एक हात.

पण चिंध्या बोटभर असतात.
या हातभर निघायला लागल्या.
एकदा तर अख्खी बाही.
"मास्तर, हे चुकून पडलं."
"कात्री बहकते आजकाल, नजर गेली,"
मास्तर म्हणाले,
आणि सुईत दोरा ओवला
पहिल्याच फटक्यात.

मावशीला ती ओळ पाठ होती,
जिथं बवाज आपल्या गड्यांना सांगतो,
पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम गळू द्या,
तिला धमकावू नका.
ती काही बोलली नाही.
बाहीची घडी घालून घरी आणली.
तिचं अस्तर झालं.
बाहेरून दिसत नाही.

लिलावात डॉक्टरीणबाई सातशे म्हणाल्या.
मी सातशे दहा,
बीडच्या शाळेतला माझा पहिला पगार.
मावशीनं मान वळवून
डॉक्टरीणबाईंकडं नुसतं बघितलं
आणि त्या पाणी प्यायला उठल्या.

रात्री दिव्याखाली पर्स फिरवून पाहिली तर
उजवीकडचा खालचा कोपरा कोरा.
ना टाका, ना कणीस.
"मावशी, इथलं राहिलं."
तिनं चष्मा काढला, पदराला पुसला.
"राहिलं नाही लेकी, ठेवलंय.
रानाचा कोपरा कापू नये,
असं मोशेच्या नियमात हाय."
"पण ही तर पर्स आहे."
"मंग? आपलं रान केवढं, तर एवढं.
म्हणून काय कोपरा सोडायचा नाही?"

आता ती बीडच्या एसटीत
माझ्या मांडीवर असते.
डबा, हजेरीपट, लाल पेन.
हिमरूचा रंग जरा उतरलाय,
एका पट्ट्याची शिवण मीच घातली, वाकडी.
परवा शेजारच्या बाईच्या पोरानं
भेळीची बोटं
नेमकी त्या कोऱ्या कोपऱ्याला पुसली.
ती त्याच्यावर हात उगारायला लागली.
मी म्हटलं, असू द्या हो,
तेवढं त्याचंच आहे.